काय काय जोडायचं

बाहेर उणे एकोणीस.
हापसालूच्या खाडीवर बर्फ इतका धरलाय
की उर्मासने काल गाडी थेट पलीकडे नेली.
मी मात्र स्वयंपाकघरात, तळहाताएवढ्या संगणकापुढे बसलोय.
मेमरी दोन जीबी,
आणि ॲड-ऑनची यादी खाली सरकवत जावी तितकी लांबतेय.
प्रत्येकाखाली निळं बटण.
प्रत्येक म्हणतं, मला घ्या.

चाळीस वर्षं मी लोकांच्या घरांत तारा ओढल्या.
गिऱ्हाईक म्हणायचं, इथेही एक बटण बसवा, आणि इथेही.
मी विचारायचो, रात्री झोपेतून उठलात
की अंधारात हात आपोआप कुठे जातो?
जाईल तिथे बटण.
बाकी भिंत मोकळी राहू दे.

आज स्वतःलाच विचारतोय
तर हात माऊसवर थिजलाय.

झिगबीचा दुवा घेतला. तो नसेल तर
कोठीतला तापमापक, मागच्या दाराचा सेन्सर,
पाइपाखाली गळती हुंगत बसलेली ती पांढरी चकती,
सगळी बिचारी बोलत राहतील नि ऐकायला कोणी नाही.
मग निरोप्या: ह्याचा निरोप त्याला, त्याचा ह्याला,
पाकीट न फोडता पोचवणारा.
(आमच्या लहानपणी असा टपालवाला
नशिबानेच मिळायचा.)
बॅकअप घेतला. त्यावर वाद नाही.
गेल्या फेब्रुवारीत कार्ड जळालं तेव्हा
दोन दिवस घराला काहीच आठवत नव्हतं.
हेल्वे म्हणाली, दिवे हातानेही लागतात,
ठाऊक आहे ना?

रंगीत आलेखांवर जीव जडला होता, खोटं कशाला बोलू.
विजेचा भाव तासातासाला बदलतो, त्याच्या डोंगरदऱ्या.
पण बॉयलरला कळायला हवं ते एवढंच,
आत्ता की मग.
त्याला चार ओळी पुरतात.
कॅमेऱ्यातले चेहरे ओळखणाराही वगळला.
आमच्या दाराशी येतात पाच माणसं आणि एक कोल्हा.

उरला आवाज ऐकणारा.
त्याच्यापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो.

नोव्हेंबरात मान्नी न्हाणीघरात पडली.
अठ्ठ्याऐंशी वर्षांची माझी सासू
चाळीस मिनिटं गार फरशीवर,
हेल्वे रात्रपाळीला,
आणि मी गॅरेजमध्ये, कानाला रेडिओ.

म्हणून तिला समजावलं:
तुम्ही नुसती हाक मारायची, घर ऐकेल.
तिने विणकाम मांडीवर ठेवलं.
ज्या काळात ती वाढली तिथे
भिंतीला कान असणं म्हणीत मावत नसे.
"ऐकेल," ती म्हणाली. "आणि सांगेल कोणाला?"

कोणालाच नाही. सगळं ह्याच डबीत राहतं, बाहेर जात नाही.
"अर्वेद, हे तू स्वतः पाहिलंयस?"

मान हलवणारच होतो.
दर महिन्याला अपडेट येतं.
त्यातलं मी किती वाचतो?
शिवाय ती हाक मारणार सेतोमधून,
आणि ह्या यंत्राला तालिनची एस्टोनियनच
धडपडत कळते.

निळं बटण तसंच राहिलं.
खोक्यातून जुना एक झिगबीचा खटका शोधला,
त्याला विणकामातलीच लाल लोकर बांधली,
पीळ देऊन, तिहेरी,
आणि न्हाणीघरात फरशीपासून वीतभर वर लोंबती सोडली.
दुसरी तिच्या खाटेपाशी.
ओढली की स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकतो,
माझा फोन कोकलतो,
आणि ती कोणत्या भाषेत पडली
ह्याच्याशी कोणाला देणंघेणं नाही.

आठशे एमबी मोकळी आहे अजून.
यादी बंद केली. उद्या पुन्हा उघडीन,
माझा स्वभाव मला माहीत आहे.

रात्री दोनला फोन कोकलला.
अनवाणी धावलो, दाराच्या चौकटीला करंगळी ठेचली.
मान्नी खाटेवर ताठ बसलेली,
लाल दोरी मुठीत.

"काही नाही रे," म्हणाली,
"बघत होते, तू म्हणतोस ते खरं का."